हेइके मोनोगातारी

मध्ययुगीन जपानी वाङ्मयातील सर्वश्रेष्ठ युद्धकथा. ‘हेइके’ म्हणजे ताइरा घराणे आणि ‘मोनोगातारी’ म्हणजे कथा किंवा आख्यान. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ताइरा या योद्धा-घराण्याचा झालेला उत्कर्ष, मिनामोतो घराण्याबरोबरचा त्याचा संघर्ष (११८०–८५) आणि त्याचा संपूर्ण विनाश हा या ग्रंथाचा विषय होय. जपानच्या इतिहासात दरबारी अमदानीचा अस्त आणि लष्करी राजवटीचा उदय या कालखंडात झाला. त्या स्थित्यंतराची जी प्रतिमा पुढील पिढ्यांच्या मनात रुजली, ती मुख्यतः या ग्रंथाने घडविलेली आहे. त्यामुळे त्याचे परीक्षण करताना त्याच्या वाङ्मयीन गुणांबरोबरच त्याने इतिहासाला दिलेल्या आकाराचाही विचार करावा लागतो.

ग्रंथाचा कर्ता निश्चित ठाऊक नाही. चौदाव्या शतकातील योशिदा केन्को याने आपल्या त्सुरेझुरेगुसा या लघुनिबंधसंग्रहात, शिनानो प्रांताचा माजी सुभेदार युकिनागा याने ही कथा रचून शोबुत्सु नावाच्या अंध गायकाला शिकविली, अशी परंपरा नोंदविली आहे. युकिनागाला तेंदाई पंथाचा मठाधिपती जिएन याचा आश्रय होता, असेही तो म्हणतो. या परंपरेचा शब्दशः स्वीकार आज सहसा केला जात नाही. तथापि विद्वान दरबारी, बौद्ध मठ आणि अंध गायक या तिघांचा हात या कथेच्या घडणीत होता, हे तिच्यातून अचूक सूचित होते. तेराव्या शतकात आकार घेऊ लागलेल्या या कथेची अनेक पाठांतरे उपलब्ध असून त्यांचे ‘कथनपर’ आणि ‘वाचनपर’ असे दोन स्थूल वर्ग पाडले जातात. वाचनपर पाठांत एन्ग्यो काळातील (१३०८–११) पाठ आणि अठ्ठेचाळीस खंडांचा गेन्पेई जोसुइकी हे प्रमुख होत. कथनपर पाठांत काकुइची या थोर अंध गायकाने १३७१ मध्ये शिष्याकडून लिहवून घेतलेला पाठ प्रमाण मानला जातो. बारा खंड आणि शेवटी जोडलेले ‘कांजो’ म्हणजे अभिषेक-पर्व अशी त्याची रचना आहे. हे पर्व पारंगत गायकालाच गुप्तपणे शिकविले जाई. तंत्रमार्गी बौद्ध पंथांतील दीक्षाविधीच्या ‘अभिषेक’ या संस्कृत संज्ञेचाच ‘कांजो’ हा जपानी पर्याय होय.

या कथेचे गायन करणाऱ्या अंध भिक्षुवेषधारी कलावंतांना ‘बिवा होशी’ म्हणत. बिवा या चार तारांच्या वाद्याच्या साथीवर ते एकेक प्रसंग सादर करीत. त्यांची ‘तोदो’ नावाची श्रेणीबद्ध संघटना होती. तिला पुढे आशिकागा व तोकुगावा शोगुनांचे संरक्षण लाभले आणि ती १८७१ मध्ये विसर्जित करण्यात आली. कथेची प्रसंगनिष्ठ बांधणी, ठरावीक वर्णनांची पुनरुक्ती, वीराच्या चिलखताचे, शिरस्त्राणाचे व घोड्याच्या रंगाचे क्रमवार वर्णन, युद्धापूर्वी योद्ध्याने स्वतःचे नाव व कुळ उच्चारण्याची रीत ही सर्व वैशिष्ट्ये या मौखिक परंपरेतून आली आहेत. भाषेत चिनी वळणाचे भारदस्त गद्य आणि मृदू देशी काव्यशैली यांचा मिलाफ आढळतो. हा मिलाफ हेतुपूर्वक योजल्यासारखा आहे. युद्धाच्या वर्णनात पहिली शैली प्रबळ होते, तर विरह, प्रवास व मृत्यू यांच्या वर्णनात दुसरी पुढे येते.

कथेचा अर्थ समजण्यासाठी तत्कालीन राज्यव्यवस्थेची कल्पना असणे आवश्यक आहे. क्योटोच्या दरबारात दीर्घकाळ फुजिवारा घराण्याचे वर्चस्व होते. आपल्या मुली सम्राटांना देऊन त्यांच्या अल्पवयीन मुलांच्या नावे राजप्रतिनिधी म्हणून कारभार करणे, हे त्या वर्चस्वाचे साधन होते. ज्याची माता फुजिवारा नव्हती, असा सम्राट गो-सान्जो १०६८ मध्ये गादीवर आला आणि त्याने १०६९ मध्ये ‘शोएन’ या खाजगी वतनी जमिनींच्या सनदा तपासणारी कचेरी स्थापन केली. त्याचा पुत्र शिराकावा याने १०८६ च्या अखेरीस गादी आपल्या बालपुत्राला दिली व निवृत्त सम्राट म्हणून १०८७ पासून ११२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्ता गाजविली. निवृत्त सम्राटाच्या प्रासादाला ‘इन’ म्हणत. त्यावरून या पद्धतीला ‘इन्सेई’ असे नाव पडले. गादीवरील सम्राट विधी, सण व शिष्टाचार यांत जखडलेला असे. निवृत्त सम्राट त्यांतून मुक्त असे. त्याची स्वतंत्र कचेरी, स्वतःचे अंमलदार, स्वतःची वतने व स्वतःचे रक्षक असत. तो बहुधा भिक्षुदीक्षा घेई. परंतु दीक्षा म्हणजे संसारत्याग असला, तरी सत्तात्याग मात्र नव्हता. शिराकावानंतर तोबा (११२९–५६) व गो-शिराकावा (११५८ पासून, मधले खंड वगळता, ११९२ पर्यंत) यांनी हीच पद्धत चालविली.

या व्यवस्थेतूनच योद्धा-घराणी दरबाराच्या उंबरठ्यावर आली. निवृत्त सम्राटाला दंगेखोर मठवासी भिक्षूंचा बंदोबस्त, सागरी चाचांचे पारिपत्य व राजधानीचे रक्षण यांसाठी हाताशी शस्त्रबळ हवे होते. प्रांतिक योद्ध्यांना पदे, सुभेदाऱ्या व प्रतिष्ठा हवी होती. ताइरा मासामोरी याने १०९७ मध्ये इगा प्रांतातील आपली जमीन शिराकावाच्या दिवंगत लाडक्या कन्येच्या स्मृतिमंदिराला अर्पण करून त्याची मर्जी संपादन केली. त्याचा मुलगा तादामोरी याने तोबासाठी मंदिर बांधून दिले आणि ११३२ मध्ये दरबारी दालनात प्रवेशाचा मान मिळविला. पहिल्या खंडातील सुरुवातीच्या प्रसंगात याच तादामोरीला अंधारात मारहाण करून अपमानित करण्याचा सरदारांचा बेत आणि चंदेरी पत्रा लावलेल्या लाकडी कट्यारीच्या साहाय्याने त्याने तो कसा उधळला, हे वर्णिले आहे. हा प्रसंग वरवर चातुर्यकथेसारखा आहे. परंतु शस्त्र खरे नव्हते, तरी त्याचा धाक खरा होता, आणि निवृत्त सम्राटाने त्या धाकाचे कौतुक केले, ही गोष्ट त्यात सूचित झाली आहे. पुढील सर्व अनर्थाचे बीज या सूचनेत आहे.

तोबाच्या मृत्यूनंतर ११५६ मध्ये त्याचे दोन पुत्र, निवृत्त सम्राट सुतोकू आणि गादीवरील सम्राट गो-शिराकावा, यांच्यात वारसाहक्कावरून राजधानीतच लढाई झाली (होगेनचा उठाव). तीत ताइरा, मिनामोतो व फुजिवारा या तिन्ही घराण्यांतील माणसे दोन्ही बाजूंना विभागली गेली होती. मिनामोतो योशितोमो व ताइरा कियोमोरी हे गो-शिराकावाच्या पक्षाला होते. विजयानंतर योशितोमोचा पिता तामेयोशी व कियोमोरीचा चुलता तादामासा यांना देहान्त शिक्षा देण्यात आली. सुमारे साडेतीनशे वर्षे दरबाराने न वापरलेली ही शिक्षा पुन्हा सुरू झाली. सुतोकूला सानुकी प्रांतात हद्दपार करण्यात आले व तेथेच तो ११६४ मध्ये मरण पावला. ११५९ च्या हिवाळ्यातील हेइजीच्या उठावात योशितोमोचा पराभव होऊन तो मारला गेला आणि त्याचा किशोरवयीन मुलगा योरितोमो इझू येथे हद्दपार झाला. ११६७ मध्ये कियोमोरी महामंत्रिपदावर आरूढ झाला. त्याची कन्या तोकुको ही सम्राट ताकाकुराची राणी झाली आणि ११७८ मध्ये तिला झालेला मुलगा ११८० मध्ये अँतोकू म्हणून गादीवर बसविण्यात आला.

हेइके मोनोगातारीचे कथानक कियोमोरीच्या ऐश्वर्यापासून सुरू होते. गो-शिराकावाच्या मर्जीतील लोकांनी शिशिगातानी येथे रचलेला कट (११७७), कटवाल्यांपैकी भिक्षू शुनकान याची निर्जन बेटावरील एकाकी अवस्था, कियोमोरीने सैन्यबळावर गो-शिराकावाला केलेली स्थानबद्धता (११७९), राजपुत्र मोचिहितोचे बंड, फुकुहारा येथे राजधानी हलविण्याचा अल्पजीवी प्रयोग (११८०), नारा येथील महामंदिरांचे दहन आणि कियोमोरीचा दाहज्वराने झालेला मृत्यू (११८१) हे पूर्वार्धातील प्रमुख प्रसंग होत. उत्तरार्धात मिनामोतो योशिनाका राजधानीवर चालून येतो. ताइरा मंडळी बालसम्राट अँतोकू व राजचिन्हे घेऊन पश्चिमेकडे पळतात (११८३). योशिनाकाचा त्याच्याच भाऊबंदांकडून वध होतो (११८४). इचिनोतानी, याशिमा व दान्नोउरा या लढायांत योशित्सुने ताइरांचा पाडाव करतो. दान्नोउरा येथील सागरी युद्धात (११८५) कियोमोरीची विधवा पत्नी सहा वर्षांच्या अँतोकूला कवेत घेऊन समुद्रात उडी टाकते. कियोमोरीचा पणतू रोकुदाई याच्या वधाने बारावा खंड संपतो आणि अभिषेक-पर्वात भिक्षुणी झालेली तोकुको ओहारा येथील आश्रमात गो-शिराकावाला भेटते.

ग्रंथाच्या प्रारंभीच सर्व वस्तुजाताच्या अनित्यतेचे सूत्र सांगितले आहे. त्यासाठी योजलेल्या दोन्ही प्रतिमा भारतीय बौद्ध परंपरेतील आहेत : श्रावस्तीच्या जेतवन विहारातील घंटा आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी फुललेले शालवृक्ष. १०५२ पासून सद्धर्माच्या ऱ्हासाचे युग सुरू झाले, अशी तत्कालीन जपानी समजूत होती. आगी, भूकंप व दुष्काळ यांनी ती दृढ केली होती. या सूत्रामुळे विस्कळित प्रसंगांना एकात्मता प्राप्त होते, विजेता व पराभूत यांच्यातील अंतर पुसट होते आणि शत्रूच्या मृत्यूविषयीही करुणा उत्पन्न होते. पराभूतांची कथा विजेत्यांच्या काळात गायिली जावी आणि विजेत्यांनी ती अश्रू ढाळीत ऐकावी, हे या ग्रंथाचे असामान्य यश त्या सूत्रामुळे शक्य झाले आहे.

परंतु याच सूत्राने ग्रंथाला एक मर्यादाही घातली आहे. अनित्यतेच्या जोडीला ग्रंथात दुसरे, अधिक कठोर सूत्र वावरते : उन्मत्ताचा नाश अटळ आहे व पूर्वजाचे पाप वंशजांना भोगावे लागते. पहिल्या सूत्रात सर्वांना समान स्थान आहे, दुसऱ्यात अपराध्याची गरज आहे. आणि तो अपराधी म्हणून कियोमोरीची निवड झाली आहे. त्याचा ज्वर इतका तीव्र दाखविला आहे, की अंगावर ओतलेल्या पाण्याची वाफ व्हावी. मृत्यूपूर्वी नरकातील जळता रथ त्याला न्यायला येतो, असे स्वप्न त्याच्या पत्नीला पडते. या चित्रणाचा प्रभाव निर्विवाद आहे. तथापि इतर साधनांतून दिसणारा कियोमोरी याहून वेगळा आहे. चीनच्या सुंग राज्याशी व्यापार वाढविण्यासाठी त्याने ओवादा बंदराची (आजच्या कोबेचा परिसर) सुधारणा केली. इत्सुकुशिमा येथील देवस्थानाला त्याने ११६४ मध्ये अर्पण केलेल्या सुशोभित सूत्रपोथ्या जपानी कलेचा उत्कृष्ट नमुना मानल्या जातात. १२५२ मधील जिक्किन्शो या बोधकथासंग्रहात तर हाताखालच्या माणसांची पत राखणारा समंजस धनी म्हणून त्याचे उदाहरण दिलेले आहे.

कथाकाराने रंग कसे बदलले, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ११७० मधील एका प्रसंगात मिळते. कियोमोरीचा नातू सुकेमोरी याने वाटेत राजप्रतिनिधी मोतोफुसा याला मान दिला नाही, म्हणून मोतोफुसाच्या सेवकांनी त्याला वाहनातून खाली ओढून अपमानित केले. नंतर ताइरांच्या माणसांनी मोतोफुसाच्या परिवारावर हल्ला करून सूड उगविला. कथेत हा सूड कियोमोरी घेतो आणि सुकेमोरीचा पिता शिगेमोरी, नीती व विवेक यांचा आदर्श म्हणून, त्याबद्दल मुलालाच शासन करतो. परंतु समकालीन सरदार कुजो कानेझाने याच्या ग्योकुयो या दैनंदिनीवरून व जिएनच्या गुकान्शो या इतिहासग्रंथावरून सूड घेणारा शिगेमोरीच होता, असे दिसते. पित्याचा दोष गडद व्हावा, म्हणून पुत्राला निर्दोष करण्यात आले. वाङ्मयीन दृष्ट्या ही योजना परिणामकारक आहे : शिगेमोरीचा अकाली मृत्यू (११७९) म्हणजे घराण्याचा अखेरचा आवर नाहीसा होणे, असा अर्थ तिच्यामुळे निघतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एका व्यवस्थेच्या अंतर्विरोधाचे येथे एका व्यक्तीच्या स्वभावदोषात रूपांतर झाले आहे.

हा अंतर्विरोध ज्याच्या ठायी एकवटला होता, तो गो-शिराकावा ग्रंथभर उपस्थित असूनही जवळजवळ अस्पर्श राहतो. ऐतिहासिक गो-शिराकावा हे एक विलक्षण व्यक्तिमत्त्व होते. गणिका व भटक्या गायिका यांच्याकडून ‘इमायो’ नावाची लोकगीते तो आवडीने शिकला आणि रिओजिन हिशो हा त्यांचा संग्रह त्याने सिद्ध केला. त्याचा केवळ काही भाग आज उपलब्ध आहे. कुमानोच्या यात्रा त्याने तीसहून अधिक वेळा केल्या. कियोमोरीने ११६४ मध्ये त्याच्यासाठी रेंगेओइन हे सहस्र-अवलोकितेश्वरांचे मंदिर बांधून दिले. राजकारणात मात्र एका शस्त्रधाऱ्याला दुसऱ्याविरुद्ध उभे करणे, हेच त्याचे सूत्र होते. ताइरा राजधानीतून निघाले, तेव्हा तो हिएई पर्वतावर निसटला. योशिनाकाला त्याने ताइरांच्या पाठलागाची आज्ञा दिली, काही महिन्यांतच योरितोमोला पूर्वेकडील प्रांतांचे अधिकार मान्य केले आणि राजचिन्हे हाती नसताना गो-तोबाला गादीवर बसविले. ११८५ मध्ये त्याने योशित्सुनेला योरितोमोविरुद्ध आज्ञापत्र दिले व थोड्याच आठवड्यांत योशित्सुनेच्या शोधाचे आज्ञापत्र योरितोमोला दिले. ग्रंथात या घटना सांगितल्या आहेत. परंतु त्यांचा एकत्रित विचार करून निष्कर्ष काढण्याचे कथाकार टाळतो. ज्या अपराधांसाठी कियोमोरीला नरकाचा रथ येतो, त्यांतील पुष्कळांचा भागीदार गो-शिराकावा हा बळी व साक्षीदार म्हणूनच वावरतो. राजपदाची पवित्रता आणि त्या पदामागील माणसाचे वर्तन यांत भेद करण्याची भाषा कथाकाराजवळ नव्हती, हे याचे मुख्य कारण दिसते.

‘ताइरा विरुद्ध मिनामोतो’ ही दोन कुळांच्या वैराची मांडणीही बऱ्याच अंशी कथेने निर्माण केलेली आहे. योरितोमोला पूर्वेत पाठिंबा देणारी होजो, चिबा, मिउरा, काजिवारा ही घराणी वंशाने ताइराच होती. उलट योरितोमोने ज्यांचा नाश केला, ते योशिनाका व योशित्सुने त्याचे सावत्र वा चुलत भाऊबंद होते. कियोमोरीचा सावत्र भाऊ योरिमोरी ताइरांबरोबर पश्चिमेकडे गेला नाही आणि त्याला योरितोमोकडून अभय मिळाले, कारण त्याच्या मातेने पूर्वी योरितोमोचे प्राण वाचविले होते. पूर्वेकडील योद्ध्यांना खरी चिंता होती ती आपल्या वतनांवरील हक्कांची. ते हक्क क्योटोतील दरबारी, मठ व निवृत्त सम्राटांच्या परिवारातील वतनदार यांच्या मर्जीवर अवलंबून होते. एकट्या राजकन्या हाचिजोइनकडे दोनशेहून अधिक वतने होती आणि ११८० चे बंड पुकारणारा मोचिहितो तिचाच मानलेला मुलगा होता. योरितोमोने योद्ध्यांना त्यांच्या जमिनींवर स्वतःच्या अधिकारात कायम केले, हे त्याच्या यशाचे रहस्य होते. कॅमरन हर्स्ट व जेफ्री मास या अमेरिकन इतिहासकारांनी १९७० नंतर निवृत्त सम्राटांच्या व कामाकुराच्या कारभाराची कागदपत्रे अभ्यासून या बाजूवर विशेष प्रकाश टाकला. हेइके मोनोगातारीत जमिनीचा उल्लेख क्वचितच येतो. तेथे मान, सूड, निष्ठा व दैव यांचेच राज्य आहे.

कुमागाई नाओझाने याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. इचिनोतानीच्या किनाऱ्यावर त्याच्या हाती सापडलेला तरुण ताइरा आत्सुमोरी हा आपल्या मुलाच्या वयाचा आहे, हे पाहून त्याला सोडून द्यावे, असे कुमागाईला वाटते; पण मागून स्वपक्षाचे सैनिक येत असल्याने तो रडत त्याचा शिरच्छेद करतो आणि मृताच्या कमरेला खोचलेली बासरी सापडल्यावर त्याचे मन संसारातून उडते. आझुमा कागामी या कामाकुरा राजवटीच्या बखरीत मात्र, नातलगाशी असलेल्या जमिनीच्या सीमावादात ११९२ मध्ये योरितोमोपुढे आपली बाजू मांडता न आल्याने संतापून कुमागाईने शेंडी कापली, असे नमूद आहे. दोन हकीकती परस्परांना सर्वस्वी छेद देतातच, असे नाही. एकाच माणसाच्या मनात बासरी व बांध दोन्ही असू शकतात. कथाकाराने बासरी तेवढी ठेवली. त्यामुळे शस्त्रजीवी माणसाच्या व्यवसायातच असलेली शोकान्तिका व्यक्त करणारा अजोड प्रसंग जपानी वाङ्मयाला लाभला. त्या माणसाला रणांगणावर आणणारी व्यावहारिक कारणे मात्र दृष्टिआड झाली.

अभिषेक-पर्व हा ग्रंथाचा कळस होय. समुद्रातून वाचविली गेलेली तोकुको ओहाराच्या आश्रमात आपले जीवन गो-शिराकावापुढे सांगते. राणीपदाचे सुख, पलायनातील भूक व तहान, युद्धाचा कोलाहल आणि पुत्राचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू यांची सांगड ती बौद्ध मतातील सहा गतींशी घालते. देहात असतानाच आपण देवलोकापासून नरकापर्यंत फिरून आलो, असे तिचे म्हणणे आहे. येथे निवेदनाची सूत्रे प्रथमच पूर्णतः एका स्त्रीच्या हाती येतात. पूर्वीच्या खंडांत गिओ या नर्तकीच्या कथेसारखी स्त्रियांची उपाख्याने येतात. पण ती मुख्य प्रवाहाच्या काठावर राहतात. या पर्वात संपूर्ण युद्ध एका मातेच्या स्मृतीतून पुन्हा पाहिले जाते व विजयाचा मागमूसही उरत नाही. विशेष म्हणजे तिच्यासमोर बसलेला श्रोता हा तिचा सासरा असून तिच्या कुळाच्या संहाराची आज्ञापत्रेही त्याच्याच नावाने निघालेली होती. ती त्याला दोष देत नाही, तोही काही कबूल करीत नाही, दोघेही रडतात. या मौनाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. ते क्षमेचे मौन आहे, असे मानल्यास पर्व मुक्तीचे ठरते. ते कथाकाराला न उच्चारता आलेल्या आरोपाचे मौन आहे, असे मानल्यास बारा खंडांत जे टाळले गेले, ते येथे श्रोत्यांपुढे ठेवले जाते. ग्रंथ दोन्ही अर्थांना वाव देतो आणि कियोमोरीच्या चित्रणात न आढळणारी नैतिक गुंतागुंत येथे साधली जाते.

ग्रंथामागील प्रेरणेत मृतांच्या शांतवनाचाही वाटा आहे. अन्यायाने मेलेल्यांचे आत्मे देशावर अरिष्टे आणतात, ही श्रद्धा दृढ होती. सुतोकूच्या आत्म्याची भीती दरबाराला दीर्घकाळ होती आणि जिएनने युद्धात मेलेल्यांसाठी प्रार्थनांची व्यवस्था केली होती. मृताचे नाव, वेष व अखेरचा क्षण आवर्जून सांगणारे गायन ही त्या शांतवनाचीच एक रीत म्हणता येईल. कथा आकार घेत असतानाच, १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबाने कामाकुरा राजवटीविरुद्ध पुकारलेले युद्ध फसले. गो-तोबाला ओकी बेटावर हद्दपार करण्यात आले व तेथेच तो १२३९ मध्ये मरण पावला. योद्ध्यांना एकमेकांविरुद्ध खेळविण्याची त्याच्या आजोबाची नीती त्याच्या हाती निष्फळ ठरली, कारण योद्धे आता दरबाराचे आश्रित राहिले नव्हते. त्यानंतरच्या श्रोत्यांना ताइरांच्या ऱ्हासात जुन्या दरबाराचाही ऱ्हास दिसला असला पाहिजे. कथेतील विषादाची व्याप्ती एका घराण्यापेक्षा मोठी वाटते, ती बहुधा यामुळेच.

पुढील जपानी कलांवर या ग्रंथाचा प्रभाव अपार आहे. झेआमी याने नो नाट्यातील वीरविषयक नाटके हेइके मोनोगातारीला अनुसरून रचावीत, असा दंडक घातला आणि स्वतः आत्सुमोरी, सानेमोरी, कियोत्सुने यांसारखी नाटके लिहिली. बुनराकू व काबुकी रंगभूमीनेही त्यातील कथा वापरल्या. विसाव्या शतकात योशिकावा एइजी याने शिन हेइके मोनोगातारी (१९५०–५७) या प्रदीर्घ कादंबरीत कियोमोरीचे सहानुभूतीने चित्रण केले. तिच्या एका भागावर मिझोगुची केन्जी याने १९५५ मध्ये चित्रपट काढला. इतिहासकार इशिमोदा शो याने १९५७ मधील आपल्या समीक्षेत तोमोमोरी या ताइरा सेनानीच्या व्यक्तिरेखेतून ग्रंथातील दैवकल्पनेचे विवेचन केले. इंग्रजीत ए. एल. सॅडलर (१९१८–२१), हिरोशी कितागावा व ब्रूस त्सुचिदा (१९७५), हेलन क्रेग मॅकुल्लो (१९८८) आणि रॉयल टायलर (२०१२) यांची भाषांतरे प्रसिद्ध आहेत.

इतिहासाचे साधन म्हणून हेइके मोनोगातारीचा उपयोग सावधगिरीनेच केला पाहिजे : त्यातील सैन्यांचे आकडे अतिशयोक्त आहेत, व्यक्तिरेखा नीतिकथेच्या साच्यात बसविल्या आहेत आणि सत्तेचे खरे केंद्र, म्हणजे निवृत्त सम्राटाचा प्रासाद, धूसर ठेवले आहे. परंतु केवळ विपर्यास म्हणून त्याकडे पाहणेही अन्यायाचे होईल. दैनंदिन्या व बखरी यांतून कोणी काय मिळविले, हे कळते; काय गमावले, हे कळण्यासाठी या कथेकडेच वळावे लागते. आज्ञापत्रे काढणाऱ्यांपेक्षा त्यांच्यामुळे समुद्रतळी गेलेल्यांना तिने स्मरणात जागा दिली, हे तिचे श्रेष्ठत्व होय. आज्ञापत्रे काढणाऱ्याचे नाव तिने स्पष्टपणे घेतले नाही, ही तिची उणीव होय. या दोहोंचे भान ठेवून वाचल्यास ग्रंथाचे सामर्थ्य कमी होत नाही. उलट ओहाराच्या आश्रमातील ते मौन अधिक अर्थपूर्ण होते.